पहिलं क्लॅव्हिकॉर्ड घरी बांधताना

जुनं युरोपियन कीबोर्ड वाद्य स्वतः बांधायचं मनात आलं, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हार्पसिकॉर्ड येतं. पहिल्या खेपेला ते नको. त्यात प्रत्येक स्वराला तार छेडणारा एक जॅक लागतो, जॅकला जीभ, जिभेला नखी, मागे बारीकशी स्प्रिंग, आणि हा सगळा संसार निदान पन्नास वेळा. क्लॅव्हिकॉर्डमध्ये हलणारी वस्तू एकच: लाकडी पट्टी आणि तिच्या मागच्या टोकाजवळ ठोकलेलं पितळी पातं. पट्टी दाबली की पातं खालून तारेला लागतं आणि बोट उचलेपर्यंत तिथेच टेकून राहतं. पात्यापासून घोडीपर्यंतची तार वाजते. डावीकडच्या उरलेल्या तारेत लोकरी कापड विणलेलं असतं, ती गप्प राहते. बोट उचललं की तेच कापड सगळी तार शांत करतं. झालं यंत्र.

म्हणजे पातं तारेला जिथे लागतं तिथे सूर ठरतो. हे एक वाक्य पुढच्या सगळ्या कामाचा पाया आहे. खोकं थोडं वाकडं झालं तरी वाद्य वाजतं. पातं दोन मिलिमीटर सरकलं तर ते बेसूर वाजतं.

आवाजाची कल्पना आधीच दिलेली बरी. क्लॅव्हिकॉर्ड फार हळू वाजतं, इतकं की छताचा पंखा चालू असेल तर अर्धं त्याच्यातच जातं. फ्लॅटमध्ये रात्री अकराला वाजवा, शेजारी तक्रार करणार नाहीत. मात्र त्या छोट्या आवाजात बोटाचा जोर पूर्ण कळतो, आणि पट्टी दाबलेली असताना बोट हलकेच डोलवलं तर सुरालाही आंदोलन मिळतं. जर्मन वादक याला बेबुंग म्हणत. जर्मन संगीतकार सी. पी. ई. बाखनं १७५३ मध्ये बर्लिनला छापलेल्या आपल्या वादनविषयक ग्रंथात वादकाची खरी पारख याच वाद्यावर होते असं म्हटलंय, ते यामुळेच.

कोणता नमुना घ्यायचा

क्लॅव्हिकॉर्ड दोन जातींची. एकात प्रत्येक पट्टीला स्वतःची तारजोडी असते. दुसऱ्यात शेजारच्या दोन किंवा अधिक पट्ट्या एकाच जोडीवर वेगवेगळ्या जागी आघात करतात. ही दुसरी, सामायिक तारांची जात जुनी. साल लिहिलेलं सगळ्यात जुनं टिकलेलं क्लॅव्हिकॉर्ड व्हेनिसच्या दोमेनिको दा पेझारोचं, १५४३ चं. ते लाइपझिगच्या संग्रहालयात आहे आणि तेही याच जातीचं. नवशिक्यानं हीच जात घ्यावी. तारा कमी, म्हणून ओढ कमी, म्हणून खोकं हलकं, आणि आवाजही त्यामुळे मोकळा.

मी सुचवेन तो विस्तार ४५ पट्ट्यांचा: मंद्र सी पासून चार सप्तकं, पण खालचं सप्तक 'आखूड'. म्हणजे सगळ्यात डावी पट्टी दिसायला ई ची, वाजते सी. तिथल्या एफ शार्पच्या पट्टीवर डी आणि जी शार्पच्या पट्टीवर ई वाजतो. सतराव्या शतकातल्या बऱ्याचशा संगीताला खालचे ते चार काळे स्वर लागतच नसत, म्हणून ही काटकसर. खालच्या ८ स्वरांना स्वतंत्र तारजोड्या द्या. त्यावरच्या तीन सप्तकांत प्रत्येकी ७ जोड्या: सी आणि सी शार्प एकत्र, डी एकटा, ई फ्लॅट आणि ई एकत्र, एफ आणि एफ शार्प, जी आणि जी शार्प, ए एकटा, बी फ्लॅट आणि बी. शेवटचा सी धरून ३० जोड्या झाल्या, म्हणजे ६० तारा. प्रत्येक पट्टीला वेगळी जोडी दिली असती तर ९० लागल्या असत्या.

स्वतःच्या डोक्यानं रचना करू नका. ती हौस दुसऱ्या वाद्याला. युरोपातली काही संग्रहालयं आपल्याकडच्या वाद्यांचे मोजमापासह नकाशे विकतात. ४५ पट्ट्यांच्या एखाद्या साध्या जर्मन वाद्याचा नकाशा मिळाला तर उत्तम. आन्सबाखच्या ख्रिश्चियन गोटलोब हूबर्टची वाद्यं फार सुंदर आहेत, त्याचं १७८४ चं एक एडिंबरात आहे आणि त्यावरून अनेकांनी वाद्यं बांधली आहेत. पण त्याचा विस्तार मोठा आणि काम नाजूक, म्हणून ते पुढच्या खेपेला.

नकाशा, आणि पात्यांचा हिशोब

नकाशा हातात आला तरी तो प्लायवूडच्या मोठ्या तुकड्यावर पूर्ण आकारात स्वतः काढा. या कामाला कंटाळून जो थेट करवत उचलतो त्याचं लाकूड वाया जातं.

आधी तारांच्या रेषा. साध्या पिवळ्या पितळी तारेसाठी, ए चा सूर ४१५ हर्ट्झ धरून (आजच्या पेटीवरची काळी चार), मधल्या सी च्या वरच्या सी ची वाजती लांबी २५० मिमीच्या आसपास ठेवा. एक सप्तक खाली ५००, एक वर १२५. त्याखाली लांबी दुप्पट करत गेलात तर वाद्य दारातून बाहेर जाणार नाही, म्हणून खर्जात ती हळूहळू तोडतात आणि तिथे जाड तार लावतात. सगळं धरून वाद्य साधारण १२० सेंमी लांब आणि ३५ सेंमी रुंद होतं. खर्जाच्या तारा वादकाजवळ आणि तारसप्तकाच्या मागे असतात, त्यामुळे डावीकडच्या पट्ट्या आखूड आणि उजवीकडच्या लांब.

आता सामायिक जोड्या. एकाच तारेवर दोन पाती किती अंतरावर बसवायची, यावर तुमची स्वरव्यवस्था कायमची ठरते. समजा खालच्या स्वराची वाजती लांबी ३०० मिमी आहे. आजच्या समान श्रुतींच्या, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या, हिशोबानं अर्धस्वराचं गुणोत्तर १.०५९५, म्हणून वरच्या स्वराचं पातं २८३.२ मिमीवर. पण सोळाव्या-सतराव्या शतकातल्या मीनटोन पद्धतीत, जिथे सी-ई सारखे गांधार शुद्ध ठेवतात, वर दिलेल्या पाचही जोड्यांतला अर्धस्वर लहान असतो. गुणोत्तर १.०४४९, म्हणून पातं २८७.१ वर. चार मिलिमीटरचा फरक, आणि कानाला मोठा. त्यांच्या मधला एक मवाळ मीनटोन आहे, त्यात पातं २८५ वर येतं. माझं मत विचाराल तर हा मधला घ्या. जुनं संगीत त्यात गोड वाजतं आणि अठराव्या शतकातलंही फारसं दुखत नाही. समान श्रुतीच हव्या असतील तर इतका खटाटोप कशाला, असं मला वाटतं.

हा हिशोब प्रत्येक जोडीसाठी करून नकाशावर पात्यांच्या जागा टिंबांनी मांडा. मग पुढच्या बाजूला पट्ट्यांची तोंडं मांडा: २७ पांढऱ्या पट्ट्या, प्रत्येकी २३ मिमी धरली तर रुंदी ६२ सेंमी. आता तोंड आणि पातं रेषेनं जोडा. दिसेल की पट्ट्या सरळ जातच नाहीत. काही तिरक्या, काही जोडीदाराकडे झुकलेल्या. घाबरू नका, सगळ्या जुन्या क्लॅव्हिकॉर्डांत असंच असतं.

लाकूड

तबलीला, म्हणजे घोडीखालच्या पातळ नादफळीला, स्प्रूस, दुसरा विचार नको. गिटार बांधणाऱ्यांसाठी आयात होणाऱ्या स्प्रूसच्या फळ्या मुंबई-पुण्यात मागवता येतात, त्या दोन-तीन जोडून पुरेशी रुंदी होते. रेषा बारीक, सरळ आणि फळीच्या जाडीत उभ्या हव्यात. पट्ट्यांना हलकं आणि सरळ रेषेचं लाकूड लागतं. युरोपात लिंडन वापरत, आपल्याकडे चांगला सुका पाइन किंवा शिवण चालेल. खुंट्यांच्या ठोकळ्याला कठीण, घट्ट लाकूड, बीच मिळालं तर बीच. घोडीलाही तेच. खोक्याला तूण छान: हलकं, रंध्याला सोपं, आणि आपल्याकडे सतारी त्याच्याच होतात. सागवान टिकाऊ खरं, पण जड असतं आणि त्याच्या तेलकटपणामुळे सांधा धरायला त्रास देतं. पांढऱ्या पट्ट्यांवर शिसवीचा पातळ थर आणि काळ्यांवर हाड, म्हणजे आजच्या उलट रंग. जर्मनीत अशी वाद्यं पुष्कळ होती.

गोंद म्हणून जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस वापरा. त्याचा वास येतो हे खरं. पण सततच्या ओढीखाली पांढरा गोंद हळूहळू सरकतो, सरस सरकत नाही, आणि उद्या तबली उघडायची वेळ आली तर गरम पाण्यानं सुटतो.

लाकूड आणलं की ज्या खोलीत बांधणार त्याच खोलीत निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा राहू द्या.

पट्ट्या आधी

खोक्याआधी पट्ट्या करा. बाजू उभ्या राहिल्या की हात पोचत नाही, आणि शिवाय अवघड काम उत्साह ताजा असताना व्हावं.

सगळ्या पट्ट्या एकाच फळीतून कापतात. साधारण ६४ सेंमी रुंद, १४ मिमी जाड फळी जोडून घ्या, लाकडाच्या रेषा पुढून मागे. नकाशावरून सगळ्या रेषा तीवर उतरवा. प्रत्येक पट्टीला दोन ठिकाणी क्रमांक घाला. मग ही फळी तळफळीवर जशी बसणार तशी शिकंज्यांनी आवळा आणि तोलाच्या खिळ्यांची, म्हणजे पट्टी ज्यांच्यावर झुलते त्यांची, भोकं फळीतून आरपार, खालच्या तोलदांडीत एकदमच पाडा. ड्रिल स्टँडवरच. हातानं पाडलेलं भोक थोडं कललं तरी पट्टी शेजारणीला घासते. भोकं झाली की तोलदांडीत दोन मिमीचे पितळी खिळे उभे करा.

त्यानंतरच करवत. पातळ पात्याची बँडसॉ मिळाली तर दुपारभराचं काम, हातकरवतीनं दोन-तीन दिवस. कापल्यावर प्रत्येक पट्टीचं तोलाचं भोक खालच्या बाजूला घट्ट राहू द्या आणि वरच्या बाजूला पुढे-मागे लांबट करा, म्हणजे पट्टी झुलेल पण डगमगणार नाही. मागच्या टोकात शिंगाची किंवा कठीण लाकडाची पातळ जीभ बसते, ती खाचांच्या उभ्या फळीत वरखाली सरकते. खाच सैल झाली तर पट्टी खडखडते, घट्ट झाली तर पावसाळ्यात अडकते. कागदाच्या एका घडीइतकी मोकळीक ठेवा.

पट्टी सोडली की मागचं टोक आपोआप खाली पडलं पाहिजे. पडत नसेल तर पुढचा भाग खालून रंधून हलका करा. शिसं भरण्याची घाई करू नका, जड पट्टीवर बेबुंग साधत नाही. तोलदांडीवर आणि मागे पट्ट्या टेकतात तिथे बनातीची पट्टी अंथरा, नाहीतर टकटक तारेपेक्षा मोठी ऐकू येईल.

खोकं

यावर फार लिहिण्यासारखं नाही. सुताराचं साधं काम आहे, पण लोक सगळ्यात जास्त वेळ यालाच देतात. तळफळी १५ मिमीच्या आसपास, बाजू १० ते १२. उजवीकडे खुंट्यांचा ठोकळा तळफळीला पूर्ण पृष्ठभागानं चिकटलेला असावा. डावीकडे तारा अडकवायच्या खिळ्यांसाठी कठीण दांडा. तबलीच्या डाव्या काठाखाली आडवी भिंत येते, तिच्यात एक झरोका ठेवायला विसरू नका. ६० तारांची एकूण ओढ दोनशे किलोच्या आसपास जाते, आणि तारा तिरक्या असल्यामुळे ती खोक्याला नुसती दाबत नाही, पिळते. म्हणून तळफळी एकसंध आणि सपाट हवी. भीतीपोटी सगळंच जाड केलंत तर मात्र वाद्य मुकं होतं.

तबली

स्प्रूस रंधून मध्ये ३ मिमी आणि कडांकडे अडीचपर्यंत आणा. बोटानं ठोकत ऐकत जा. एका क्षणी आवाज लाकडाचा न राहता वाद्याचा होतो, तिथे थांबा. खालून एक-दोन हलक्या फासळ्या पुरतात. घोडी वक्र असते. ती नकाशावरून कापा, वर निमुळती करा आणि प्रत्येक तारेसाठी एक पितळी खिळा थोडा तिरका ठोका, म्हणजे तार घोडीवर दाबून बसेल. तंबोऱ्यात जवारी काढायला आपण तारेला घोडीवर रुंद पृष्ठभाग देतो. इथे तसा जराही गुणगुणाट म्हणजे दोष, तार एका टोकदार जागीच सुटली पाहिजे.

महत्त्वाचं: तबली कोरड्या दिवसांतच चिकटवा. महाराष्ट्रात म्हणजे जानेवारी ते मार्च, कोकणात असाल तर त्यातही दुपारी. तीस सेंमी रुंद स्प्रूस दमट हवेतून कोरड्या हवेत आला की रेषांच्या आडव्या दिशेनं दीड-दोन मिमी आकसतो. जुलैत चिकटवलेली तबली फेब्रुवारीत तडकते. कोरड्या दिवसांत चिकटवलेली पावसाळ्यात फुगून थोडी वर येते, तिचं काही बिघडत नाही. युरोपात किंवा अमेरिकेत असाल तर हिवाळ्यातली हीटर चालू असलेली खोली हाच तुमचा फेब्रुवारी.

तारा

वरच्या सप्तकांत ०.२८ ते ०.३० मिमीची पिवळी पितळी तार, मधल्यात ०.३२ ते ०.३५, खर्जात ०.५० पर्यंत आणि शक्य असेल तर तांब्याचं प्रमाण जास्त असलेली लाल पितळ. अचूक जाडी नकाशाबरोबरच्या तक्त्यातून घ्या. मिरजेला किंवा पुण्यात सतार-तंबोऱ्याच्या दुकानांत पितळी तार मिळते आणि खालच्या स्वरांना ती चालून जाते. पण नंबरावर विसंबू नका, मायक्रोमीटरनं मोजून घ्या. वरच्या बारीक तारांसाठी हार्पसिकॉर्डची तार बाहेरून मागवावी लागते. खुंट्याही तशाच. झिथरच्या ५ मिमी जाड लोखंडी खुंट्या सोप्या पडतात. त्यांच्यासाठी भोक किती मिलिमीटरचं, हे त्याच ठोकळ्याच्या उरलेल्या तुकड्यावर तीन-चार भोकं पाडून ठरवा. खुंटी चावीनं नेटानं फिरली पाहिजे, आणि सोडली की जिथल्या तिथे थांबली पाहिजे.

तारेच्या टोकाला फास करताना दोन्ही पदर एकमेकांवर सारखे पिळा. एक सरळ आणि दुसरा त्याच्याभोवती गुंडाळलेला, असा फास ओढीखाली सुटतो. खुंटीवर तीन-चार वेढे, खाली उतरत जाणारे. डोळ्यांना चष्मा हवाच, बारीक पितळ तुटते तेव्हा सांगून तुटत नाही. जोडीतल्या दोन तारांत दोन-तीन मिमी अंतर राहू द्या. सगळ्या तारा आधी अर्ध्या ताणावर आणा, दुसऱ्या दिवशी पूर्ण.

पाती बसवणं

एक ते दीड मिमी जाड पितळी पत्र्यातून, वर रुंद आणि खाली निमुळती अशी पाती कापा. वरची कड सपाट आणि तिचे कोपरे कानशीनं मोडलेले, नाहीतर तार तिथेच तुटते. रुंदी अशी की दोन्ही तारा एकदम लागतील पण शेजारची जोडी वाचेल.

नकाशावरच्या टिंबांवर आंधळेपणानं पाती ठोकू नका. तारा चढल्यावर, थोड्या सुरात आल्यावर एकेका पट्टीची जागा खालून पेन्सिलीनं पुन्हा ठरवा. पट्टी बाहेर काढून बारीक भोक पाडा, पातं हलक्या हातोडीनं बसवा, पट्टी परत घाला, वाजवून बघा. सामायिक जोडीत आधी खालच्या स्वराचं पातं बसवून तार सुरात लावा, मग वरच्या स्वराचं. ट्यूनरवर सूर पाच-दहा सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) हुकला तर पातं चिमट्यानं किंचित डावी-उजवीकडे वाकवा. घोडीकडे वाकवलं की सूर चढतो. हे वाकवणं जुन्या कारागिरांनीही केलेलं दिसतं, त्यात कमीपणा नाही. पण फार वाकवावं लागत असेल तर पातं उपटून नव्यानं बसवा.

फोनमधल्या ट्यूनरला हा आवाज पुरत नाही. गिटारचा क्लिपवाला ट्यूनर खुंटीला लावा.

स्वर फुटका, 'टक' असा आला तर तीन गोष्टी तपासा: पात्याला दोनपैकी एकच तार लागते आहे का, पातं पट्टीत सैल आहे का, आणि पट्टी मागे खाचेत अडकते आहे का. बोटाच्या साध्या जोरानंही सूर वर चढत असेल तर तार फार सैल किंवा फार बारीक आहे. पट्टी पुढे पाच मिमीच्या आसपास खाली जायला हवी. त्याहून फार खोल गेली तर बोटं थकतात.

कापड आणि सूर

आता डावीकडे, पात्यांच्या पलीकडे, लोकरी कापडाची सेंटिमीटरभर रुंद पट्टी तारांतून खालीवर विणत न्या. एका पट्टीनं तार गुणगुणत राहिली तर दोन विणा. कृत्रिम धाग्याचं कापड घसरतं आणि नाद नीट मारत नाही. जुन्या लोकरी शालीची काठाकडची पट्टी अगदी योग्य.

सूर लावताना सामायिक तारांचा फायदा कळतो. वरच्या तीन सप्तकांत प्रत्येकी फक्त सात पांढरे स्वर लावायचे. सी शार्प, ई फ्लॅट, एफ शार्प, जी शार्प आणि बी फ्लॅट तुम्ही पाती बसवताना ठरवून टाकलेले आहेत, ते आपोआप येतात. ए ४१५ ला लावून सुरुवात करा. जोडीतल्या एका तारेत कापडाचा पाचर घालून दुसरी लावा, मग पाचर काढून पहिली तिच्याशी जुळवा. पहिला महिना वाद्य रोज उतरेल. पितळ ताणत असते, लाकूड बसत असते. रोज लावा, पण सुराच्या वर ओढून ठेवू नका.

वाजवायला बसल्यावर एक गोष्ट हाताला शिकवावी लागते. सी शार्पवरून सी वर येताना सी शार्पचं बोट आधी उचलावं लागतं, कारण एकाच तारेवर घोडीजवळचं पातं जिंकतं. पियानोची सवय असलेल्यांचं इथे काही दिवस अडतं. पावसाळ्यात झाकण बंद ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. आणि प्रत्येक जोडीची तार किती जाडीची हे कागदावर लिहून तो कागद झाकणाच्या आत चिकटवा. पुढच्या वर्षी एखादी तार तुटेल तेव्हा मायक्रोमीटर शोधत बसावं लागणार नाही.